बाळारामदादांची चाल, पुराव्यादाखल

विषय : श्री. बाळाराम, सेवानिवृत्त पाटकरी, हे हयात असल्याचे मान्य होणेबाबत.
संदर्भ : त्यांची चाल.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, किस्से फायलींसारखे असतात. एक वेळेवर बंद केली नाही की तिच्या डोक्यावर दुसरी येऊन बसते. मग खालची ओढायला जावं, तर सगळा ढीग अंगावर! माझ्या भाच्याच्या शेडमधले किस्से असेच साचले आहेत. विषय बाळारामदादांचा आहे, पण तिथवर पोचायला वरच्या चार-दोन फायली बाजूला कराव्या लागतील.

भाचा म्हणजे निखिल. इंजिनिअर आहे, तरी स्वभावाने बरा. कर्जतजवळच्या चौक गावात, जुन्या हायवेवरच्या एका गॅरेजमागची शेड घेऊन त्याने ‘मोशन कॅप्चर’ सुरू केलं. माणसाच्या अंगावर चकाकते गोळे चिकटवायचे, चारी बाजूंनी कॅमेरे लावायचे आणि त्याला चालायला-उड्या मारायला सांगायचं. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त गोळे दिसतात. ते जोडून कॉम्प्युटर एक सांगाडा उभा करतो, आणि तो हुबेहूब त्या माणसासारखा हलतो. पुढे गेमवाले, कार्टूनवाले त्या सांगाड्यावर हवं ते कातडं चढवतात. यासाठी परदेशी सामान घ्यायचं तर बंगला विकावा लागतो. निखिलकडे बंगला नव्हता. त्याने जुने वेबकॅम, नळाचे पाइप आणि टेबल टेनिसचे बॉल जमवले. पत्रव्यवहाराला मी. पत्रव्यवहार म्हणजे मुख्यतः चहा सांगणे.

बाळारामदादा माझ्याच खात्यातले. कालव्याची दारं उघडायची-लावायची आणि काठाने गस्त घालायची, ही त्यांची नोकरी. उतरत्या बांधावर एक पाय वर, एक पाय खाली असं आयुष्य काढलं. आता सपाट डांबरी रस्त्यावरही ते डावीकडे कलून चालतात, जणू शेजारून पाणी वाहतंय.

यंदा हयातीच्या दाखल्याच्या मशिनने त्यांचा अंगठा नाकारला. दारांचं लोखंडी चाक फिरवून बोटांच्या रेषाच गेलेल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डोळेही जुळेनात. पेन्शन थांबली. कार्यालयाने कळवलं, ‘हयातीबाबत खात्री होत नाही.’ कोणत्या कार्यालयाने ते सांगत नाही. माझीही पेन्शन तिथूनच हलते.

दुसऱ्या दिवशी पारूवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, रुपयाएवढं कुंकू लावून त्या कार्यालयात गेल्या आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या. टेबलावरचा सावंत म्हणाला, “काय काम आहे?”

“काय नाय. नीट बघून घ्या म्हटलं.”

*

गोळे चकाकायला हवेत. त्यासाठी ट्रकच्या पाठीमागे लावतात ते रेडियम स्वस्तात पडतं. मी आणि निखिल हायवेवरच्या रेडियमवाल्याकडे गेलो.

“गाडी कुठली?” त्याने विचारलं.

“गाडी नाही, माणसाला लावायचंय.”

तो जरासुद्धा चपापला नाही. “वय?”

“सत्तरीच्या पुढे.”

“मंग मागं लाल लावा, फुडं पांढरा. आनि मधी ‘अंतर ठेवा’ लिवून देऊ का?”

*

काम सुरू करण्याआधी कॅमेऱ्यांना खोली समजावून द्यावी लागते. त्याची रीत अशी, की गोळे लावलेली एक काठी घेऊन रिकाम्या शेडमध्ये सगळीकडे फिरवायची. वर, खाली, कोपऱ्यात, छताजवळ. निखिल अंधार करून, काळे कपडे घालून, ओठांत आकडे मोजत हे रोज करतो.

चौथ्या की पाचव्या दिवशी दाराशी एक गृहस्थ येऊन बसले. सोबत दोरीला बांधलेली शेळी. त्यांनी सगळा प्रकार हात जोडून शेवटपर्यंत पाहिला आणि मला हळूच विचारलं, “भगत नवीन हाय का?”

मी म्हटलं, “इंजिनिअर आहे.”

“असू द्या. आमची शेली चारा खात नाय. नारल लागंल का लिंबू?”

निखिलने खूप समजावलं. शेवटी सुटका व्हावी म्हणून शेळीवरून काठी फिरवली. शेळी दुसऱ्या दिवशी चारा खाऊ लागली! तेव्हापासून शेडबाहेर सकाळी जनावरं असतात. गेमवाल्यांपेक्षा तीच नियमित येतात.

*

पहिली ट्रायल बाळारामदादांवर झाली. अंगाला चिकटून बसणारा काळा पोशाख कर्जतच्या बाजारातून आणला होता. तो हातात घेऊन दादा म्हणाले, “भाऊसायेब, ह्या वयात मला सर्कशीत घालताय का?” पण घातला. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे हुकूम ऐकत आलेला माणूस.

दादा उभे राहिले. पडद्यावर सांगाडाही छान उभा राहिला. तेवढ्यात गरम होतंय म्हणून कोणीतरी शटर वर केलं. बाहेरून टेंपो गेला. त्याच्या मागचं रेडियम कॅमेऱ्याने पाहिलं, आणि कॉम्प्युटरची खात्री पटली की हाच दादांचा डावा गुडघा.

गुडघा खोपोलीच्या दिशेने निघून गेला.

निखिल ओरडला, “दादा, हलू नका!”

दादा शांतपणे म्हणाले, “मी नाय हललो. त्याला सांग.”

*

एकदा पारूवहिनी डबा घेऊन आल्या. पडद्यावर दादांचं नुकतंच घेतलेलं रेकॉर्डिंग चालू होतं. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके, बाकी काही नाही. चेहरा नाही, कपडे नाहीत, सांगाडाही जोडलेला नव्हता. वहिनी डबा ठेवता ठेवता थबकल्या.

“अगं बाई, हे आमचे!”

निखिल खूश झाला. त्या मात्र ठिपक्यांकडे रोखून बघत होत्या.

“आनि चपला कुठं हायेत ह्यांच्या? कितीदा सांगितलं, अनवानी फिरू नका म्हनून!”

दादा त्या दिवशी खरोखर अनवाणी चालले होते. चपला शेडच्या दाराशी. कॅमेऱ्यांमागे उभे असलेले दादा तसेच मागच्या मागे निघाले आणि चपला घालून आले.

*

मग एका गेम कंपनीचं काम आलं. त्यांना झॉम्बीची चाल हवी होती. झॉम्बी म्हणजे मेल्यावरही चालत राहणारा माणूस. शासकीय परिभाषेत, सेवानिवृत्त. निखिलने कर्जतच्या एका नाटक मंडळातली पोरं बोलावली. त्यांनी पाय ओढले, माना वाकड्या केल्या, लाळ गाळली. कंपनीचा माणूस फोनवर एकच म्हणे, “नॅचरल नाही वाटत.”

शेवटी निखिल दादांकडे वळला. चाचरत म्हणाला, “दादा, मेलेला माणूस उठून चालतोय असं करायचंय.”

“मंग मी काय येगलं करायचं?”

“काही नाही. नेहमीसारखं चाला.”

पहिल्याच टेकला पसंत! कंपनीने कळवलं, असा अस्सल झॉम्बी त्यांनी कुठे पाहिला नव्हता. दादांना त्यातलं ‘अस्सल’ तेवढं कळलं. ते गावभर सांगत सुटले.

*

आता मूळ विषय.

पारूवहिनींनी ठिपके ओळखले, ते माझ्या डोक्यात बसलं होतं. अंगठा गेला, डोळे गेले, पण चाल शाबूत आहे! मी अर्ज लिहिला. सोबत दादांच्या चालीचा पेन ड्राइव्ह जोडला.

सावंत माझ्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे नियमात पक्का. त्याने कॉम्प्युटरवर फाइल लावली. ठिपके चालायला लागताच शिपाई लांबून ओरडला, “बालारामदादा!” पाठोपाठ आख्खं कार्यालय गोळा झालं. साहेबही केबिनमधून बाहेर आले. सगळ्यांनी एकमुखाने ओळखलं.

सावंत म्हणाला, “ओळख पटली. पण हे रेकॉर्डिंग मागच्या महिन्यातलं आहे. मागच्या महिन्यात ते हयात होते, याबद्दल आमची हरकत नाही.”

मी म्हटलं, “अरे, ते आता तुझ्यासमोर उभे आहेत!”

“दिसतायत साहेब. पण समोर दिसण्याला रकाना नाही.”

दादा सावंताला म्हणाले, “बाला, कागदावं कायबी लिव. फकस्त हिला इचारू नको. ती रडते.” पारूवहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

मग आम्ही कॅमेरे, पाइप, गोळे, सगळं टेंपोत घालून कार्यालयात नेलं. दादा काळ्या पोशाखात, अंगभर गोळे लावून टेबलांच्या मधून चालले. पडद्यावर सांगाडा त्याच क्षणी, तसाच डावीकडे कलून चालला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, “उत्तम! सावंत, नोंद घ्या.”

सावंताने नोंद घेतली. पंधरवड्याने उत्तर आलं. मधल्या काळात तो झॉम्बीचा गेम बाजारात आला होता, आणि कार्यालयातले सगळेच दुपारच्या सुट्टीत तो खेळत होते. उत्तर जसंच्या तसं देतो :

‘अर्जदाराने सादर केलेल्या चालीची पडताळणी केली असता, सदर चाल ही एका खेळातील चालत्या प्रेताची असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, सदर चालीचा धारक मयत नसल्याबाबत खुलासा करावा.’

खुलासा मी त्याच दिवशी सादर केला. बाळारामदादा दर सोमवारी गावातून कार्यालयापर्यंत चालत जातात आणि विचारून येतात. सोबत पारूवहिनी असतात. चपला आहेत की नाही, ते बघायला.

अर्ज प्रलंबित आहे.