मागच्या दारची मासोळी

चूक माझी होती. आधी तेवढं लिहून टाकतो, मग बाकीचं.

निवासी शाळेच्या वार्डन सरांच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात माझी पोरगी रोशनी उकिडवी बसली होती. अंगात शाळेचा पांढरा शर्ट. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पायाखाली पावशी, म्हणजे विळी, दाबलेली, बाजूला राख, केसांत चिकटलेला एक खवला. समोर मासोळ्या चिरून ठेवल्या होत्या. त्या मी आणलेल्या नव्हत्या. बाजारातून आणलेल्या होत्या. मी आणलेली रोहू माझ्या हातातल्या पिशवीत होती.

रविवार होता, पालकांच्या भेटीचा. मी पहिल्या एसटीनं, वेळेच्या आधीच पोचलो होतो. रोशनीनं पिशवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बाबा, मोठी काऊन आणली? लहान आणली असती तं लवकर झालं असतं. अभ्यासाची घंटा होऊन गेली."

दारातून सरांच्या घरच्या बाईंचा आवाज आला, तुकडे लहान कर गं, पाहुणे आहेत. मग मी दिसलो तसं म्हणाल्या, बरं झालं तुम्ही पण आणली.

मी काय केलं? पिशवी उपडी केली. रोहू माझ्या अकरा वर्षांच्या पोरीपुढं ठेवली. बाईंना हात जोडले. "हो जी" म्हणालो आणि निघालो.

आम्ही ढिवर. दवनीवाड्याकडच्या एका गावचे. तलावात जाळं टाकायचं, मिळेल ते तिरोड्याच्या बाजारात नेऊन विकायचं. गावात एक रीत होती. जाळं ओढलं की त्यातली सगळ्यात मोठी मासोळी पाटलाच्या घरी जायची. समोरून नाही, मागच्या दारानं. कोणी मागत नव्हतं. पुढं तलाव मच्छीमार संस्थेच्या नावावर झाला, पाटलाचा त्यावर काही हक्क उरला नाही, तरी मासोळी जातच राहिली. मासोळी पोचली की वर्षभर कोणी आडवं येत नाही. आजानं हे बापाला शिकवलं, बापानं मला. एवढंच शहाणपण आमच्या घरात वारशानं आलं.

गोंदिया जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. परीक्षा घेऊन निवडक मुलं सहावीत घेणारी एक निवासी शाळा होती. तिचं नाव लिहीत नाही. आमच्या आजूबाजूच्या गावांतून रोशनी एकटी निवडली गेली. मी स्वतः दहावी नापास. निकाल कळला त्या दिवशी मी तलावावर गेलोच नाही. गावात नुसता फिरत राहिलो, कोणी विचारेल म्हणून.

शाळेच्या आवारात चिंचेचं मोठं झाड होतं. भेटीच्या रविवारी पालक त्याखाली सतरंज्या टाकून बसत, डबे उघडत आणि शाळांच्या तुलना करत. गोंदियाचे एक राईस मिलवाले शेठ होते. तिरोड्याकडचे एक गुरुजी होते. गुरुजींनी म्हणे चार शाळा पाहून ही निवडली होती. नागपूरच्या शाळेत इंग्रजी चांगलं, पण मुलं सहा महिने रडतात. भंडाऱ्याच्या शाळेत जेवण बरं, पण शिस्त नाही. शेठ म्हणत, हमारा बबलू तो आठ दिन में सेट हो गया. सगळं बोलणं शेवटी एकाच ठिकाणी यायचं. कोणाचं पोर रुळलं, कोणाचं नाही.

माझं रुळलं नव्हतं. रोशनी जेवत नव्हती. ती बोलली की मुली हसत, म्हणून बोलणंही सोडलं होतं. भेट संपली की फाटकाची सळई धरून उभी राहायची. वार्डन सरांनी मला बोलावून सांगितलं की दिवाळीपर्यंत पाहू, नाही रुळली तर घरी पाठवू, वेटिंगवर पुष्कळ मुलं आहेत.

काय करावं कळेना. मग मला जे येत होतं तेच मी केलं. पुढच्या रविवारी जाळ्यातली सगळ्यात मोठी रोहू ओल्या पोत्यात गुंडाळली आणि सरांच्या क्वार्टरवर नेली. मागच्या दारानं. मागचं दार कुठं आहे हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

बाईंनी मासोळी पाहिली. चेहरा खुलला, पण म्हणाल्या, एवढी मोठी कापणार कोण, आमच्याकडं कोणाला येत नाही.

आणि मी बोललो. माझ्या या तोंडानं. कोणी विचारलं नव्हतं.

"रोशनीले येते जी. पोट्टीले सगळं येते. तिले बोलवत जा."

मोठ्या अभिमानानं बोललो. वाटलं, पोरगी सरांच्या घरात जाईल, बाईंना लळा लागेल, मग तिला कोण काढतं. दोन-तीन रविवार गेले आणि झाडाखाली मी पहिल्यांदा सतरंजीच्या मधोमध बसलो. गुरुजींनी विचारलं, तुमची कशी आहे? मी सांगितलं, आमची बी रुळली जी, सरायच्या घरी जाते, बाईचा भलता जीव आहे तिच्यावर. शेठ म्हणाले, "फिर तो आपकी बिटिया का जम गया." सगळे हसले. मीही हसलो. कशाला हसतात ते मला कळलं नव्हतं.

ते सुरुवातीला सांगितलेल्या त्या रविवारी कळलं, जेव्हा मी रोहू तिच्यापुढं ठेवून झाडाखाली येऊन बसलो.

गुरुजी भला माणूस. माझ्याजवळ सरकून हळू आवाजात बोलले. त्यांच्या मुलानं घरी सांगितलं होतं. रोशनीला वर्गात मच्छीवाली म्हणतात. मेसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसत नाही, ती पंगतीच्या टोकाला एकटी जेवते. अभ्यासिकेच्या वेळी तिची जागा रिकामी असते. हे सांगून गुरुजी म्हणाले, "आम्ही पोरांना जातपात शिकवत नाही हो. पण आता वासाचं काय करणार?"

मी मान हलवली. जणू वास हा माझ्या पोरीचा स्वभाव होता.

शेठनं पानाची पिचकारी टाकली आणि मोठ्यानं म्हणाले, "भाईसाब, अगले संडे एक हमारे लिए भी ले आना. बिटिया साफ कर देगी."

मी म्हणालो, "हो जी. आणतो."

माणूस किती वाकू शकतो याला अंत नसतो. पाठीचं हाड मोडत नाही, म्हणून माणूस वाकत राहतो.

घरी आलो. बायको जाळं सुधरवत बसली होती. ती शाळेची पायरी कधी चढली नाही. पोरीनं डबा खाल्ला का, एवढंच तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. का कोण जाणे, लपवता आलं नाही. तिनं सुई खाली ठेवली.

"तुमी पोरीले शाळेत ठेवलं का पाटलाच्या मागच्या दारी?"

त्या रात्री ती जेवली नाही.

पुढच्या रविवारी मी रिकाम्या हातानं गेलो. क्वार्टरवर नाही, ऑफिसात. समोरच्या दारानं. वार्डन सरांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि विचारलं, आज काही नाही?

"नाही जी. आन माही पोरगी आजपासून तुमच्या घरी येणार नाही."

बाहेर शेठ उभे होते, गुरुजी होते. सगळ्यांना ऐकू जात होतं. सर शांतपणे म्हणाले, "मी तिला कधी मागितलं होतं? तुम्हीच म्हणालात ना, तिला येतं म्हणून?"

खरं होतं ते. कानशिलात बसल्यासारखं झालं. तरी उभा राहिलो.

"हो जी. मीच म्हनलं होतं. आता मीच म्हनून राहिलो. ती येणार नाही."

जन्मात पहिल्यांदा मी कोणा मोठ्या माणसाला नाही म्हटलं होतं. परत येताना छाती भरून आली होती.

पण त्या नाहीची किंमत मी दिली नाही. तिनं दिली. दिवाळीच्या आधी मला बोलावणं आलं. मुलगी वातावरणाशी जुळवून घेत नाही, असा शेरा पडला होता. मी भांडायला हवं होतं. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाकडं जायला हवं होतं, गोंदियाला मोठ्या साहेबाकडं जायला हवं होतं. मी काही केलं नाही. दाखवली तिथं सही केली आणि पोरीची पेटी उचलली.

एसटीत खिडकीबाहेर धान पिवळा पडला होता. रोशनीनं विचारलं.

"बाबा, माह्यानं काय चुकलं?"

सांगायचं होतं तेव्हाच. पण सांगायचं तर माझं वाक्य सांगावं लागलं असतं. तिले बोलवत जा. ते माझ्या तोंडून निघेना.

मी म्हणालो, "तू रुळली नाही."

गावात विचारलं त्यालाही हेच सांगितलं. नातेवाइकांना हेच. सांगून सांगून ते खरं झालं. रोशनी गावच्याच शाळेत बारावी झाली. गुण चांगले होते. नर्सिंगला लावायचं म्हटलं तर म्हणाली, नको बाबा, मी कोठीच रुळत नाही. लग्न झालं, बिरसीकडं दिली. आता तिला एक लेकरू आहे. वार्डनचा शेरा एका शाळेपुरता होता. मी तो तिच्या आयुष्यावर मारला.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाची पोरगी पिंकी त्याच शाळेत निवडली गेली. वार्डन दुसरे होते, शाळा तीच. पोचवायला जायच्या आदल्या दिवशी भाऊ तलावावरून मोठी कतला घेऊन आला. मी त्याला सांगितलं नव्हतं. त्यालाही बापानंच शिकवलं होतं. रोशनी माहेरी आलेली होती. पिंकीची वेणी घालता घालता तिला समजावत होती.

"सांगतील ते काम करजो. नाही म्हनू नको. रुळून जाय. मी नाही रुळली, तं पाह्य, राहून गेली."

मी ते ऐकलं. उठलो. भावाच्या हातातली कतला घेतली आणि विकायच्या मासोळ्यांच्या टोपल्यात टाकली. भाऊ पाहतच राहिला. मी त्याला सांगितलं की ही मासोळी शाळेत जाणार नाही. पोरगी परीक्षा देऊन निवडली गेली आहे, कोणाच्या मेहरबानीनं नाही. उद्या मी सोबत येतो. दर भेटीला येईन. तिला कोणी कामाला लावलं तर सगळ्यांसमोर विचारीन. काढून टाकलं तर सही करणार नाही, जिथवर जावं लागेल तिथवर जाईन. म्हातारा झालो तरी जाईन.

मग रोशनीकडं वळलो. बायको चुलीपाशी होती, भाऊ होता, पिंकी होती, रोशनीचं लेकरू होतं. सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंना मीच काय म्हणालो होतो, कोणाच्या भीतीनं म्हणालो होतो, सगळं.

तिचा हात पिंकीच्या वेणीत तसाच थांबला. मग म्हणाली, "तवा काऊन नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

"तुमाले लाज वाटली," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. बापानं लेकीपुढं असं बसायची आमच्यात रीत नाही.

"तू रुळली नाही, असं मी सांगत आलो, माय. लबाड बोललो. तुह्यानं काहीच चुकलं नव्हतं. मी चुकलो. माफी मांगून राहिलो, पन तू देजो असं नाही म्हनत. हे फक्त आयकून ठेव."