बांधापलीकडे गेलेली गाडी

आमच्या थोरल्या साडूंएवढा रागीट माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याचं साडूंशी पटणार नाही. अमडापूरला ते भाजीपाला करतात, साठी उलटली आहे, आणि छंद म्हणाल तर रिमोटवर धावणाऱ्या गाड्या पळवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा. कांद्याच्या खोलीत कांदे कमी. मोटरी, टायर आणि गिअरच जास्त. गाडीला कुणी खेळणं म्हणायचा अवकाश! मुलीला बघायला आलेल्या एका गृहस्थानं कौतुकानं विचारलं, "पोराचं खेळणं काय?" साडूंनी हातातला कप खाली ठेवला. "सस्पेन्शन हाये याले. तुमच्या जीपले हाये काय, ते पाहा आधी." सोयरीक मोडता मोडता राहिली. स्क्रूला भलताच पेचकस लावला की राग, मोटरीत तोंडानं फुंकर मारली की राग. गाडी मुकाट चालली तरी राग, कारण मग ती खोलायला निमित्त उरत नाही.

पण सगळ्यात मोठा राग थोरल्या भावावर. बांधावरून दोघांचं बिनसलं, आणि शेताला शेत लागून असूनही कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मी पाहुणा गेलो होतो. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात साडू गाडी पळवत होते. अचानक तिनं रिमोटचं ऐकणं सोडलं, बांधावरून उडाली आणि भावाच्या वावरात दगडावर आदळली. भावानं ती उचलून घरी नेली.

"पाहुणे, जा अन् घेऊन या."

मी गेलो. भाऊ खाटेवर बसले होते. "त्याले म्हणा, सोता ये."

हा निरोप ऐकल्यावर साडूंनी वांग्यांपासून बैलांपर्यंत कुणालाच सोडलं नाही. जाणार मात्र नव्हते. दुसऱ्या दिवशी कळलं, भावानं गाडी स्वतःच दुरुस्तीला घेतली आहे. तेव्हा पेचकस घेऊन ते तडक निघाले. मी मागे.

अंगणात गाडी होती, पुढचं चाक तारेनं बांधलेलं.

"काऊन खोलली? कोणी सांगतलं तुले?"

"चाक लटकून राह्यलं होतं. म्हटलं, बांधून देतो."

"तारेनं बांधते काय कोणी? अन् हा स्क्रू पाह्य, डोस्कं घासून टाकलं त्याचं."

साडू तिथंच मांडी घालून बसले आणि शिव्या घालत तार सोडू लागले. भाऊ एकेक स्क्रू पुढे करत होते. एक हातातून मातीत पडला. त्यांनी उचलला, पुन्हा पडला. या वेळी साडूंनी शिव्या अर्धवट सोडून स्वतःच खाली वाकून तो शोधला.

"चहा घेतं काय?" भावानं विचारलं.

"साखर कमी टाकजो," साडू म्हणाले, तेही रागातच.

परत येताना बांधावर ते थांबले आणि माझ्यावर उसळले. "तुम्ही काल गेलते ना त्याच्याकडं? हात थरथरते त्याचे. मले काऊन नाही सांगतलं?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मी म्हणालो.

"पंपाचं इंजन खोलायले त्यानंच शिकवलं मले," ते म्हणाले. "डोळे मिटून खोले तो."

एवढं बोलून ते पुढे चालू लागले. घर येईपर्यंत ते माझ्यावर एकदाही रागावले नाहीत, आणि मला ते फार अवघड गेलं.