परिषदेची तारीख

ती बोंडअळीची वर्षं होती. कापसाचं बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी. त्या दिवसांत यवतमाळला बाहेरून कुणी आलं, की तो हळहळायला आलाय हे लोक न विचारता ओळखत. त्याला चहा देत, फोटो काढू देत आणि गाडी वळली की आपापल्या कामाला लागत. मला एकदा तरी असा माणूस इथे आणायचा होता, जो "फार वाईट झालं" असं म्हणणार नाही, "तुम्ही काय बनवता ते दाखवा" म्हणेल. आमची गुंतवणूकदार परिषद त्या हट्टातून सुरू झाली.

मी मारेगावच्या शाळेत शिकलो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. बारावीनंतर काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गणिताच्या गुरुजींनी इंजिनिअरिंगचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला आणि तो द्यायला स्वतः अमरावतीला गेले. पुढे मी यवतमाळला तंत्रनिकेतनात शिकवू लागलो. माझ्या समोरची हुशार मुलं पुण्याची बस धरू लागली, तेव्हा वाटलं, इथे राहून काही करू पाहणाऱ्यांसाठी आपणही कुठे तरी अर्ज घेऊन जायला हवं.

पहिल्या वर्षी कॉलेजचं सभागृह, सहा नवे उद्योग आणि दोन गुंतवणूकदार. त्यातला एक जेवण झाल्यावर टिपेश्वरला वाघ बघायला निघून गेला. दुसऱ्या वर्षी उरलेला एकटाच आला. पुण्याचा, बारीक आवाजाचा गृहस्थ. त्याने दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निघताना म्हणाला, "सर, पडद्यावरची चित्रं मी पुण्यातही बघतो. पुढच्या वर्षी चालणारी वस्तू दाखवा. नसेल तर मला बोलावू नका."

पुढच्या वर्षी तोही आला नसता, तर परिषद तिथेच संपली असती. मी वर्षभर चालणारी वस्तू शोधत फिरलो.

ती मला आर्णीजवळच्या एका तांड्यावर सापडली. माझीच जुनी विद्यार्थिनी, पंचविशीतली. तिने कापूस वेचायचं हातयंत्र बनवलं होतं: कमरेला बॅटरी आणि पिशवी, हातात नळी, नळीच्या तोंडाशी फिरणारे दात. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसून तिच्या आईची नखं कायमची काळी पडली होती. त्यावरून तिला ते सुचलं. साचे करायला पैसा हवा होता. तो मिळाला नाही तर दिवाळीनंतर पुण्याच्या एका कारखान्यात कामाला लागायचं, असं तिने घरच्यांना कबूल केलं होतं.

आम्ही ठरवलं, तिसरी परिषद सभागृहात नाही, शेतात सुरू करायची. तांड्याशेजारच्या गावातल्या एका काकूंनी त्यांचं शेत द्यायचं मान्य केलं. सभागृह, जेवण, पुण्याच्या त्या पाहुण्याचं विमान या सगळ्याचा मेळ घालून मी तारीख काढली. बोंडं फुटलेली असतील याचीही खात्री केली. बाकी काही विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा शेत पांढरं झालं होतं. काकू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या होत्या. मुलीने नळी हातात घेतली तशा त्या पुढे आल्या.

"थांब वो पोरी. कापसाले हात नको लावू. सीतादही नाही झालं अजून."

वेचणीला सुरुवात करण्याआधी शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, ही या भागातली जुनी रीत. त्याआधी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, एक बोंडही तोडत नाहीत. काकूंची पूजा पाच दिवसांनी ठरली होती.

"मग आधी काहून नाही सांगितलं काकू?" मी विचारलं.

"तुम्ही मशीन दाखवतो म्हटलं. मले वाटलं उभी करून दाखवता, ट्रॅक्टरवानी."

मुलगी म्हणाली, "काकू, हात नाहीच लावत. मशीनच लावते."

"मशीनले काय वेगळा नियम हाय? कापूस तर माहाच हाय ना!"

वेचणीच्या कामाला येणाऱ्या तीन बाया गंमत बघायला आल्या होत्या. त्यांतली एक हसून म्हणाली, "मास्तर, तुमाले तर कॉलेजात सगळंच शिकवते म्हणे. हे नाही शिकवलं काय?"

पाहुण्याची गाडी दोन वाजता नागपूरला निघायची होती. मुलगी माझ्याकडे बघत होती. माझं घर बौद्ध. आमच्या घरात हा विधी नाही. माझ्या तोंडाशी वाक्य आलं होतं, की काकू, हे सगळं मानण्यावर असतं. ते मी बोललोही असतो. पण त्या बायांपैकी एकीच्या हातात जर्मनचा डबा होता, झाकण चेपलेलं. तसाच डबा आई वर्षातून एकदा भरून आणायची. आम्ही भावंडं दारात वाट बघत असायचो, कारण त्या दिवशी डब्यात मालकाच्या शेतातला दहीभात असायचा. ज्या रीतीचा भात खाऊन मी मोठा झालो, तिचा दिवस मला विचारावासा वाटला नव्हता. आईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

मी म्हणालो, "काकू, चुकलं माझं. पूजा आजच केली तर चालते का?"

काकूंनी जरा विचार केला. "चालते. पण दही नाही घरी. नारळ नाही."

"आम्ही आणतो."

पाहुण्याला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "माझीच गाडी पाठवा." गाडी आर्णीला गेली. काकू भात टाकायला घरी गेल्या. पाहुणा धुऱ्यावर बायांशेजारी बसला. सभागृहात त्या मुलीला दहा मिनिटं मिळाली असती. इथे बायांनीच तिची परीक्षा घेतली.

"पिशवी भरल्यावर कमर दुखन नाही का?"

"आन् काडीकचरा आला तं व्यापारी भाव पाडते, ते कोन भरन?"

मुलगी उत्तरं देत होती. जिथे उत्तर नव्हतं तिथे "माहीत नाही" म्हणत होती. पाहुणा प्रश्न टिपून घेत होता.

दीड तासाने दही आलं. काकूंनी पऱ्हाटीच्या बुडाशी सात खडे मांडले, कुंकू लावलं, पहिल्या बोंडाचा कापूस ओढून त्याचं सूत झाडाला गुंडाळलं. भात सगळ्यांच्या हातावर आला. मग काकू म्हणाल्या, "चालू दे आता मशीन. पण तू नको. हिच्या हातात दे," आणि डबेवालीकडे बोट केलं.

यंत्र सुरू झालं. एक तास चांगलं चाललं, नंतर वाळलेलं पान अडकून बंद पडलं. ते पान काढेपर्यंत डबेवाली हाताने वेचत पुढे निघून गेली होती.

"हातच बरा वो बाई," ती वळून म्हणाली. "पन बोटं नाही टोचली, हे खरं."

मुलीचा चेहरा पडला. पाहुण्याने घड्याळ बघितलं, बूट झटकले. मला वाटलं, झालं, संपलं.

तो तिला म्हणाला, "पान अडकतं त्यावर काम करा. या तिघींना हंगामभर चालवायला द्या, त्यांची मजुरी मी देतो. साच्यांचं त्यानंतर बोलू." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पुढच्या वर्षी कधी?"

मुलगी पुण्याला गेली नाही. साचे पुढच्या वर्षी झाले, तेही दोन वेळा मोडून. बोंडअळी मात्र त्यानंतरही येतच राहिली. आमच्या परिषदेने ती काही थांबवली नाही. पण परिषद वाढली. आता सभागृह पुरत नाही, मांडव घालावा लागतो. मुकुटबनकडूनही मुलं येतात. पाहुणे पुण्याहून येतात, तसे नागपूर-हैदराबादहूनही. पहिला दिवस शेतातच असतो आणि प्रश्न आधी वेचणाऱ्या बाया विचारतात.

तारीख मी काढत नाही. पोळा झाला की काकूंना फोन करतो.

"काकू, औंदा सीतादही कधी?"

"पऱ्हाटीले विचारून सांगते," त्या म्हणतात. "आन् मास्तर, दही आमच्या गावातूनच घ्या आता. मागच्या खेपेचं आंबट होतं."