याकाच्या चान्या

पोस्टवर चढण्याच्या आदल्या दिवशी बेसला आमचं सामान तपासलं. सुभेदार साहेबांनी सिपाही दत्ताच्या पिशवीतून एक मोठा डबा बाहेर काढला.

"हे काय?"

"शेंगदाण्याची चटणी, साहेब. मी मटण खात न्हाय. माळ हाय गळ्यात."

साहेब कोल्हापूरकडचे. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग दत्ताकडे. "वर काय वांग्याचं भरीत मिळणार आहे का रे तुला?" म्हणाले, पण डबा राहू दिला.

दत्ता ढोकीजवळचा. घरी ऊस, आणि घरातल्या सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मी परंड्याचा, बौद्ध घरातला. आमच्याकडे मोठ्याचं खाल्लं जायचं, म्हणजे बैलाचं, म्हशीचं. गावाकडे असतो तर त्याच्या घराच्या पायरीपलीकडे मी बहुधा गेलो नसतो. फौजेत आम्ही एकाच परातीत कणीक मळायचो. बटालियनमध्ये आम्हाला धाराशिवची जोडी म्हणत. मी सेक्शनमध्ये नाईक होतो, तो रेडिओ ऑपरेटर.

पोस्टचं नाव सांगत नाही. पूर्वेकडच्या सरहद्दीवर, झाडं संपतात त्याच्या बरीच वर. लोकांना वाटतं, सरहद्दीवरचा फौजी रोज गोळ्या झाडतो. तो बहुतेक वेळ फावडं मारतो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात उभं राहायचं, मग बंकरच्या तोंडाशी साचलेला बर्फ उपसायचा, स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं, रेडिओ सेटवर "पोस्ट ओके" कळवायचं, पाळीनं पहारा द्यायचा. तेवढ्या उंचीवर भूक मरते. खाणं हीसुद्धा ड्यूटी असते, आणि साहेब उभे राहून खायला लावायचे.

एका दुपारी वरून बर्फाचा कडा सुटला. आवाज आधी आला, मग अंधार. उकरून बाहेर पडलो तेव्हा माणसं सगळी होती, पण कुकहाऊस आणि राशनचं स्टोअर नव्हतं. अँटेनाचा खांब नव्हता. खाली जायची वाट नव्हती. बंकरमध्ये राहिलं ते असं: थोडे तांदूळ, थोडी डाळ, मीठ, चहा, केरोसीन आणि दत्ताची चटणी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी मनात एकच हिशोब केला होता, हे किती दिवस पुरणार.

सकाळीच दोर्जे नावाचा पोर्टर याक घेऊन राशन पोचवायला आला होता. तोही आमच्यासोबत अडकला. त्याच्या याकाचा पुढचा पाय मोडला होता. ते जनावर बर्फात बसून धापा टाकत होतं, आणि दोर्जे त्याच्या मानेवर हात ठेवून रडत होता.

"ये तो बचेगा नहीं," तो म्हणाला. "आप लोग खा लो. पर मैं नहीं मारूँगा. हम बौद्ध हैं."

"मी पण बौद्ध," मी म्हणालो.

"मग बसा दोघं बुद्धाला विचारत," साहेब म्हणाले. "तोवर ते तडफडू दे. आणा सुरी इकडं." गोळी झाडायची सोय नव्हती, आवाजानं उरलेला कडा खाली आला असता. साहेबांनी एका झटक्यात काम संपवलं. मग सुरी बर्फात पुसून माझ्या हातात दिली.

पुढचं काम माझं होतं. घरी पाहिलेलं होतं. थंडीत मांस नासत नाही, पण गोठलं की दगड होतं, म्हणून गरम आहे तोवर सोलायचं आणि कापायचं. कातडं सैल करून ओढलं, आतडी, काळीज, गुर्दे वेगळे केले, मग मांड्या आणि पाठ. मांसाच्या रेषा जातात तशा, उभ्या, लांब पट्ट्या काढायच्या. आडव्या कापल्या तर त्या दोरीवर धरत नाहीत, तुटून पडतात. मीठ चोळायचं आणि दोरीवर टांगायचं. आमच्याकडे याला चान्या म्हणतात. आई चैत्राच्या उन्हात अंगणात वाळवायची, आणि कावळे हाकायचं काम माझ्याकडे असायचं. वाळून लाकडासारख्या झाल्या की मडक्यात. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजायच्या, कुटून कालवणात टाकायच्या. दोर्जेनं डोळे पुसले आणि म्हणाला, "हमारे यहाँ भी ऐसा ही करते हैं. धूप नहीं, हवा सुखाती है." खरंच होतं. दोन-तीन दिवसांत वाऱ्यानं चान्या कडक झाल्या.

मी चरबी बाजूला फेकत होतो. नर्सिंग असिस्टंटनं हात धरला. हा आमचा पोस्टवरचा डॉक्टर म्हणा, जो होता तो हाच.

"वेडा झालास का? तीच तर आधी पाहिजे. नुसतं सुकं मांस खाऊन माणूस पोट भरूनही खंगतो. मांसात प्रोटीन आहे, लोह आहे, बी-बारा आहे. रक्त त्यानं बनतं, स्नायू त्यानं टिकतो. पण थंडीत जळायला चरबी लागते. हाडं फोडून उकळा. काळीज पहिल्यांदा आजाऱ्याला. आणि पाणी भरपूर, नाहीतर किडनी बसेल."

आजारी एक जण होता. त्याची छाती घरघरत होती, ओठ निळे पडत होते. त्याला काळीज बारीक करून भरवलं. पण त्याला खाली नेलं नाही तर तो मरणार, हे सगळ्यांना कळत होतं.

चटणी दत्तानं पहिल्याच दिवशी सगळ्यांत वाटून टाकली होती. डाळ-तांदूळ त्याच्यासाठी. असा हुकूम कुणी काढला नाही. आम्ही रस्सा आणि चान्या खायचो, आणि एका मगात त्याची खिचडी शिजायची. तो मग हातात घेताना त्याला कोण कानकोंडं व्हायचं. तांदूळ तळाला गेले तशी ती पेजेवर आली. अँटेना गेल्यामुळं बोलणं लावायचं तर सेट घेऊन वरच्या धारेवर चढावं लागे, आणि त्या खराब सेटवरून बोलणं लावणं दत्तालाच जमायचं. दोनदा तो निघाला आणि दोनदा अर्ध्या वाटेवर गुडघ्यांवर बसला. आम्ही त्याला ओढत आणला.

दुसऱ्यांदा आणला त्या दुपारी तो माझ्याजवळ सरकला.

"मिलिंदा, चान्या कशा लागतात रं?"

"खारट. चामड्यावानी."

 मग त्यानं गळ्यातली माळ काढली आणि ओंजळीत धरली. "ही खाली ठेवायची न्हाय. देवापुढं ठिवावी तर कुकहाऊसमधला देव बर्फाखाली गेला. तू घाल."

"अरं, मी मोठ्याचं खाणारा माणूस."

"म्या बी आता खाणारच हाय की. पर माळ गळ्यात हाय तवर तू खायचं न्हाय. शब्द दे."

मी शब्द दिला. त्यानं माळ माझ्या गळ्यात घातली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पहिला घोट त्यानं डोळे मिटून घेतला आणि ओकला. साहेब म्हणाले, "परत." दुसरा राहिला. तिसऱ्या दिवशी कुटलेली चान्या घातलेला रस्सा त्यानं दोनदा मागून घेतला. उरलेली पेज माझ्या वाट्याला आली. साहेब म्हणाले, "जोडी उलटी झाली की रे," आणि बर्फ कोसळल्यापासून पहिल्यांदा बंकरमध्ये कुणीतरी हसलं.

त्याच्या गालांवर रंग आला. एका सकाळी आकाश जरा उघडलं. दत्ता सेट पाठीवर बांधून निघाला आणि या वेळी बसला नाही. मी खाली छोटा सेट धरून होतो. सगळं ऐकू येत होतं. टायगर म्हणजे खालचा बेस.

"टायगर फॉर पोस्ट. एक कॅज्युअल्टी सीरियस. राशन निल. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

खरखर. पुन्हा खरखर. मग, "पोस्ट फॉर टायगर. समझ गया. मौसम खुलते ही. ओव्हर."

"रॉजर. आउट." मग माझ्यासाठी, मराठीत: "मिलिंदा, लागलं बोलणं. रस्सा ठिव. लई भूक लागली."

उतरताना धारेची कड त्याच्या पायाखालून निघाली. आम्ही पाहिलं. धावलो, उकरलं, हातांनी, थाळ्यांनी. सापडला तेव्हा तो गरम होता. नर्सिंग असिस्टंट त्याची छाती दाबत राहिला. शेवटी साहेबांनी त्याला बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. आजारी जवान त्यातून खाली गेला, आणि वाचला. दत्ताही त्यातूनच खाली गेला.

सुट्टी मिळाली तसा मी ढोकीला गेलो. आईनं, म्हणजे माझ्या आईनं, मी येणार म्हणून कोंबडी केली होती, ती मी खाल्ली नव्हती. बसमध्ये वाटभर एकच वाक्य घोकत होतो: मावशी, माळ त्याच्या गळ्यातच होती. पण ती माझ्या गळ्यात होती, आणि सवयीनं पायरीपाशी थांबलो तेव्हा शर्टाच्या वरच्या बटणातून दिसत होती.

"आत ये की," दत्ताची आई म्हणाली. आत बसवलं, घरातल्या कपात चहा दिला. माळेकडं बघत राहिली. 

"उपाशी तर न्हवता ना गेला?" तिनं विचारलं.

घोकलेलं वाक्य विसरलो. "न्हाय, मावशी. रस्सा प्यायलावता. दोन-दोन वाट्या. याकाचा."

"याक म्हंजी?"

"म्हशीवानी असतं. अंगावर लई केस."

 "ऊब देत असंल."

"लई."

"बरं केलं त्यानं." तिनं हात पुढं केला. मी माळ काढून तिच्या ओंजळीत ठेवली. "आता तू सुटलास, बाबा. घरी जाऊन आईला म्हण, करून घाल पोटभर."

आता कायद्यानं गाय-बैल बंद आहे. म्हशीचं मिळतं, आणि उन्हाळ्यात मी घराच्या गच्चीवर अजून दोरी बांधतो. दत्ताच्या गावी वेशीवर त्याच्या नावाचा दगड आहे. त्यावर हुद्दा, युनिट आणि तारीख कोरली आहे. तो काय खाऊन चढला, हे त्यावर नाही. म्हणून इथं लिहिलं.