मामाजींच्या गाडीचा कॉक

२५ मे, रविवार. नवतपाचा, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा, पहिला दिवस. काम — कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडून साफ करणे.

तारीख आणि काम वहीत लिहून ठेवायची मला सवय आहे. काल काय केलं ते आठवलं नाही, तर आज तेच पुन्हा करावं लागतं. त्याच वहीतून हे लिहिते आहे. इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते, आणि खरं सांगू? निम्म्यांवर हसते. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... मला यातलं काहीच पटत नाही. माझा विश्वास पान्यावर. म्हणूनच हे लिहिताना भीती नाही, चिडचिड होते आहे.

आम्ही सक्करदऱ्याला राहतो — मी, माझा नवरा अनिल आणि सासूबाई. पोर्चमध्ये सासऱ्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल उभी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. कोराडीला वीज केंद्रात नोकरी, जाणं-येणं याच गाडीवर, आणि गाडीला दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा नुसता स्टँड काढला, तर म्हणाले, "सूनबाई, हे पोळपाट-लाटणं नाही."

ते गेल्यापासून अकरा वर्षं गाडी जागची हलली नव्हती. खाली उंदरांचं बाळंतपण. शेवटी अनिल म्हणाला, "नवतपा लागला का सोमवारी भंगारवाला येऊन राहिला. तोवर चालू झाली तं ठेवू. नाही तं गेली."

सासूबाईंनी त्याच्यासमोर नुसता वॉकर ओढला. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "मंदा, जायच्या आधी एकदा तिचा आवाज ऐकवशील काय वं मले?" इतक्या वर्षांत या बाईंनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हणून बसले.

माझं माहेर उमरेडच्या विणकरांचं. धागा तुटला की टोक सापडेपर्यंत मागावरून उठायचं नाही, हे लहानपणापासून हातात बसलेलं. टाकीत बारीक गिट्टी घालून, हलवून हलवून गंज काढला. जाम झालेला पिस्टन आठवडाभर डिझेल मुरवून सोडवला. प्लग नवा, वायरी नव्या. तरी गाडी स्टार्ट घेईना. कारण काय, तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच नाही. आणि पेट्रोल का नाही, तर टाकीखालचा कॉक बंद!

हा कॉक म्हणजे गाडीचा नळच. उघडला की पेट्रोल खाली उतरतं. उघडून लगेच किक मारली तर घाणीमुळे पेट्रोल उतरायचं नाही, म्हणून मी तो मुद्दाम उघडा ठेवून जात होते, म्हणजे आतली घाण भिजून सुटेल. आणि परत येऊन बघावं तर बंद. एकदा नाही, आठवड्यात चार वेळा.

"तुम्ही कॉकले हात लावला काय?"

"मी काहून लावू?" अनिल कूलरसमोरून हलला नाही. "मले तं तो कुठी असते हेही माहीत नाही."

ते मात्र खरं होतं. सासूबाईंना वॉकरशिवाय उभं राहता येत नाही, त्या काय वाकणार. पोर्चला चॅनेल गेट, त्याला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावू. रविवारी दुपारी जेवायच्या आधी कॉक उघडा केला आणि त्याची दांडी माहेरून आणलेल्या सुताने टाकीच्या नळीला घट्ट बांधली. आमच्या विणकरांची एक गाठ असते, सपाट, बारीक. ती आमच्या घरी माझ्याशिवाय कुणाला येत नाही. कुणी सोडली तर पुन्हा बांधता येणार नाही, म्हणजे चोर सापडणार.

तासाभरानं आले. कॉक बंद. सूत जागेवर. गाठ माझीच... पण आता कॉकच्या बंद बाजूला बांधलेली, तितकीच घट्ट.

मी गाठ दोनदा तपासली. मग पाना इतक्या जोरात आपटला की सासूबाई वॉकर सरकवत दारात आल्या.

"काय झालं वं?"

सांगितलं. त्या घाबरतील असं वाटलं होतं. कसल्या घाबरतात!

"मंग बरोबर आहे ना," म्हणाल्या. "उभ्या गाडीचा कॉक ते कधी उघडा ठेवत नव्हते. घर जाळाचं हाय काय, म्हणत. येतानी तलावाच्या वळणावरच बंद करत. उरल्या पेट्रोलवर गाडी येत होती न् बरोबर गेटसमोर आपोआप थांबत होती. आवाज थांबला का मी चहा मांडो."

"आई, गाडी उद्या भंगारात चालली!"

"मले काहून सांगतेस? त्याईले सांग."

आता वाचणाऱ्यांनी हसायचं तर हसा. पण घामानं डोळे चुरचुरत होते, नखांत काळं तेल गेलं होतं, आणि मी त्या रिकाम्या सीटकडे बघून खरंच बोलले — "मामाजी, तुम्हाला हात खपत नाही, कळलं. पण उद्या हिला कापणार आहेत. ते खपतं का?"

सूत कापलं. कॉक उघडला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर, अख्खी गल्ली बाहेर. अनिल बनियनवर धावत आला. सासूबाई दारात डोळे मिटून उभ्या.

मी विचार केला, चालू आहे तोवर एक चक्कर मारूनच यावी. गिअरची गाडी मी माहेरी भावाच्या मागे लागून शिकले होते. तलावापर्यंत गेले, वळले. वळणावर ऑटो, हातगाडी, एक म्हैस. दोन्ही हात हँडलवर, डोळे म्हशीवर. कॉकपर्यंत वाकायचं म्हणजे डावा हात सोडावा लागतो. तो मी सोडला नाही. हे मी शपथेवर सांगते.

आमच्या गेटसमोर आले आणि इंजिन आपोआप बंद पडलं. ना दोन हात अलीकडे, ना पलीकडे. खाली बघितलं. कॉक बंद.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अनिल, चहा मांड."

कॉक ढिला असेल, हादऱ्यानं फिरला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. सुटा करून पाहिला, इतका कडक आहे की अंगठा दुखतो. आणि हादऱ्यानं गाठ फिरत नाही. याचं टोक मला अजून सापडलेलं नाही, आणि याचाच मला राग आहे.

सोमवारी सकाळी भंगारवाला आला. त्याच्यासमोर किक मारून गाडी सुरू केली आणि त्याला जुन्या कूलरचा गंजका पत्रा देऊन वाटेला लावलं. मग तशीच तलावापर्यंत गेले. येताना वळणावर वेग कमी केला, डावा हात सोडला, वाकून माझ्या हातानं कॉक बंद केला.

गाडी गेटच्या वीस पावलं आधीच बंद पडली. उरलेलं अंतर ढकलत आणली.

उद्या वळण पूर्ण झाल्यावर बंद करून बघते.