मानपत्रातून गाळलेली मैत्रीण

मानपत्र लिहायचं म्हटलं की मला चेव यायचा. सौदी अरेबियात, यान्बूतल्या आमच्या छोट्या मराठी मंडळात कुणाचा मुलगा बारावीत चमकला, कुणी गाशा गुंडाळून कायमचं परत निघालं, की शाल, श्रीफळ आणि माझं मानपत्र ठरलेलं. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं नेमायची, त्या सौदीकरणाच्या वर्षांत परत निघणारेच जास्त, त्यामुळे माझा हातही चांगला बसला होता.

आमच्या शेजारी माझ्याच प्लांटमधला एक मॅसेडोनियन वेल्डिंग इन्स्पेक्टर राहायचा. त्याची ऐंशीच्या घरातली आई व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे आली होती. या बाई महायुद्धात सतराव्या वर्षी घर सोडून डोंगरातल्या लढवय्यांना जाऊन मिळाल्या होत्या, हे कळलं आणि मी मंडळात जाहीरच करून टाकलं, आजींचा सत्कार करायचा. त्यांना विचारायचं राहिलंच होतं. पण त्या हो म्हणाल्या.

माहिती घ्यायला मी लागोपाठ तीन शुक्रवार त्यांच्याकडे जाऊन बसलो. आजी त्यांच्या भाषेत बोलायच्या, मुलगा मला इंग्रजीत सांगायचा. पावाच्या आत चिठ्ठ्या लपवून नेल्या, बुटांत गवत कोंबून बर्फातून चालल्या, हे सगळं त्या भराभर उरकायच्या. थांबायच्या एकाच ठिकाणी. निरोप पोचवायला त्यांच्यासोबत गावातलीच एक मैत्रीण असायची. एका हिवाळ्यात, त्यांचा मुलूख ताब्यात घेतलेल्या बल्गेरियन शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि एक तिच्या मांडीत घुसली. "मला सोडून जाऊ नकोस," ती म्हणाली. आजींकडे पोचवायची चिठ्ठी होती, आणि त्यांना भीतीही वाटत होती. त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन परतल्या तेव्हा पोरगी थंडीनं मेलेली होती. बर्फात सरपटत ती बरीच लांब आली होती, आजी गेल्या त्याच दिशेनं. तिच्या आईला मात्र आजींनी सांगितलं की गोळी लागली आणि त्याच क्षणी गेली, दुखलंसुद्धा नाही.

"आयुष्यभर मी हेच सांगत आले," आजी म्हणाल्या. "पदक घेतानासुद्धा हेच. गावात आता खरं बोलायची हिंमत नाही. इथं मला कुणी ओळखत नाही. तू चार लोकांसमोर वाच. तिचं नाव घेऊन वाच."

"वाचतो," मी म्हणालो.

घरी लिहायला बसलो आणि हात अडला. शाल पांघरून बसलेल्या म्हाताऱ्या बाईसमोर, हिनं मैत्रिणीला मरायला सोडलं, असं वाचायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी तेवढाच भाग गाळला. त्या जागी लिहिलं, 'सहकारी धारातीर्थी पडत असतानाही त्या डगमगल्या नाहीत.' वाक्य मला फार आवडलं होतं.

बायकोनं वाचलं. म्हणाली, "अहो, त्यांना एवढंच तर सांगायचं होतं, आणि नेमकं तेच गाळलंत?"

"सत्कार आहे, पोलीस चौकी नाही," मी तिच्यावर खेकसलो.

कंपाउंडच्या हॉलमध्ये मी मानपत्र मराठीत वाचलं आणि आजींसाठी पुन्हा इंग्रजीत. मुलगा त्यांच्या कानाशी लागून सांगत होता. टाळ्या थांबल्यावर आजींनी त्याला काहीतरी विचारलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ती विचारतेय, माझी मैत्रीण कुठं आहे?"

वेळ कमी होता, असं काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी मुलगा दारात आला, आईला ते पुन्हा लिहून हवंय म्हणाला. पुढच्या शुक्रवारी देतो, मी म्हणालो. त्या दिवसांत माझ्या जागेवर येणाऱ्या सौदी इंजिनिअरला मी काम शिकवत होतो आणि माझं काय होणार या धास्तीत होतो, हे खरं. पण काम तासाभराचं होतं. मला माझं वाक्य मोडवत नव्हतं, हे त्याहून खरं. माझ्याआधी आजींच्या मुलाचीच जागा गेली. महिन्याभरात मायलेक निघाले. जाताना आजींनी बायकोला जवळ घेतलं. मला नुसती मान हलवून निरोप दिला.

दोनेक वर्षांनी त्याचा मेल आला. आजी गेल्या होत्या. गावानं इतमामानं निरोप दिला, आणि तिथं त्यानं माझंच मानपत्र भाषांतर करून वाचलं होतं. 'खरं मला माहीत होतं,' त्यानं लिहिलं होतं, 'पण एवढ्या लोकांसमोर मला ते बोलवेना. तुझा कागद कामी आला. गर्दीत आईच्या त्या मैत्रिणीची धाकटी बहीणही होती. ती फार रडली. तुझे आभार मानायला सांगितलंय.'

त्याच दिवशी मी आजींना हवं होतं तसं लिहायला बसलो. पहिल्याच ओळीत अडलो. मैत्रिणीचं नाव आठवेना. त्याला मेल करून विचारलं, उत्तर आलं नाही. तिन्ही शुक्रवारी आजींनी ते नाव सावकाश, फोड करून सांगितलं होतं. समोर वही होती, हातात पेनही होतं. मी नुसतीच मान डोलावत होतो.