पाऊस मोजणारा मच्छिंद्र

मच्छिंद्र पाऊस मोजायचा. तेरजवळच्या त्याच्या गावात चावडीमागं सरकारी पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा धाराशिवला कळवायचा, एवढंच काम. पण त्या कामानं भला माणूस पार भित्रा करून टाकला. दूध सोसायटीच्या रेडिओवर मद्रास, विशाखापट्टणम, नागपूर अशा कधी न पाहिलेल्या गावांचं हवामान सांगत, आणि हा कान लावून बसे. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की दोन-तीन दिवसांत ते आपल्या डोक्यावर येतं, हे त्यानं हेरलं होतं. समुद्र उभ्या जन्मात पाहिला नव्हता, तरी त्याचं नुसतं नाव निघालं की तो उठून आभाळ बघायचा.

खरी भीती तलावाची. बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव बांधला होता. त्याच्या बांधाखालीच बौद्धवस्ती, वीस घरं, त्यातलं एक मच्छिंद्रचं. परतीच्या पावसात तलाव भरला की त्याला रात्रभर झोप नसे. गेल्या साली त्यानं सगळ्यांना बोचक्यांसकट शाळेत नेऊन बसवलं, आणि पडले काय, तर चार शिंतोडे! तेव्हापासून लोक त्याला वादळबुवा म्हणत.

यंदा ऑक्टोबरात रेडिओनं पुन्हा वादळ सांगितलं. तिसऱ्या सकाळी त्यानं मोजलं, एकशे साठ मिलिमीटर! वर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तो तसाच घराकडं पळाला.

"चांगुणे, ऊठ. शाळेत चल. बांध टिकायचा न्हाय."

त्याची बायको चुलीपुढून हललीसुद्धा नाही. "काय बोलता! म्या सोता माती वाहिलीया त्या बांधावर. त्यो मला बुडवायचा न्हाय."

मच्छिंद्रला रडू फुटायचंच बाकी होतं. वस्ती चांगुणाच्या शब्दावर चालायची. ती उठली नाही तर कुणीच उठणार नव्हतं. "एकदा बघून तरी ये," त्यानं हात जोडले.

"चला, दावतेच तुमास्नी!" डोक्यावर पोतं घेऊन ती तरातरा निघाली.

बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं. ते नेहमीच झिरपे, नितळ असे, बाया तिथं धुणं धूत. चांगुणानं ओंजळ भरली. पाणी काळं होतं. बांधाला वरून मुरूम होता. काळी माती होती ती फक्त पोटात. पाट्या तिनंच वाहिलेल्या, तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आतली माती चाललीया," ती पुटपुटली, आणि वस्तीकडं ओरडत पळत सुटली. तिला कुणी हसलं नाही. पोरं, म्हातारी, शेळ्या, सगळी शाळेत पोचली आणि दुपारी बांध गेला. वीस घरांतलं एकही उरलं नाही. माणूस मात्र एकही गेलं नाही.

शाळेच्या ओट्यावर उभी राहून चांगुणा पाण्याकडं बघत होती. मच्छिंद्र तिच्याशेजारी येऊन थांबला. "सगळी वाचली," तो म्हणाला. "घर पुन्ना बांधू."

"घराचं न्हाय वो. सातवा म्हैना व्हता तरी पाट्या वाहिल्या म्या. पोर गेलं. तवा मनाला म्हनलं, बांध तर ऱ्हायला."